बिनटोपलीचा वसुदेव

खाडीला दोन काठ असतात हे दिल्लीला आणि लिस्बनला १९५५ साली कळलं. त्याआधी ते आरोंद्याचा गंगाराम तारी आणि पलतडचा, म्हणजे पलीकडच्या काठाचा, इनास तारी या दोघा होडीवाल्यांनाच ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

गंगाराम या काठावरून होडी सोडायचा, इनास त्या काठावरून. एक भारतातला, दुसरा पोर्तुगिजांच्या गोव्यातला; पण पाणी तेच, मासे तेच, ओहोटीला पाय रुतायचा तो चिखलही तोच. मध्यावर होड्या जवळ आल्या की इनास विडी फेकायचा आणि गंगाराम शिवी. इनासला बांद्याच्या बाजाराला जायचं असलं की तो गंगारामच्या होडीत बसायचा, गंगारामला पेडण्याला पाहुण्यांकडे जायचं असलं की इनासच्या. भाडं नाही. तारी ताऱ्याकडून भाडं घेत नाही, आणि ताऱ्याने ते पुढे करायचंही नसतं. केलं तर त्याचा अर्थ एकच: तू माझा कुणी नाहीस. मी उतारू, तू होडीवाला.

पलतडच्या धक्क्याला लागून ताऱ्यांचं एक कपेल होतं. क्रिस्तांवांचं लहानसं देऊळ म्हणा. आत एकच चित्र. काखेत धरून न्यायला एका माणसाला जड जाईल एवढ्या लाकडी फळीवर तेलरंगाने काढलेलं. ते चारशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी काढलं आणि कुठल्याशा पाद्र्याबरोबर गलबतातून इकडे आलं, असं इनासचा आजा सांगायचा. चित्रात एक राक्षसासारखा दांडगा माणूस नदी ओलांडतोय. लाल वस्त्र कमरेला खोचलेलं, मुळासकट उपटलेलं झाड काठी म्हणून हातात, पोटऱ्यांवरचे केस पाण्याने चिकटलेले. खांद्यावर एक पोर. पोराच्या हातात गोळा, गोळ्यावर क्रूस. माणूस मान वळवून वर पोराकडे बघतोय. एवढंसं पोर एवढं जड कसं, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. आणि त्याच्या पायांमध्ये, निवळ पाण्यात, एक मासा.

हा सांव क्रिस्तोव, ताऱ्यांचा संत. लोकांना खांद्यावर घेऊन नदी पार करून देणारा. एकदा पोराच्या रूपात येशूच येऊन बसला आणि सगळ्या जगाचं ओझं या गड्याच्या मानेवर आलं, अशी त्याची कथा. इनास पहिली होडी सोडण्याआधी रोज त्याचं तोंड बघायचा. "ज्या दिसा सांवाचें तोंड पळयलें, त्या दिसा तारी वायट मरणान मरना," म्हणायचा.

गंगारामही जमेल तेव्हा जाऊन बघायचा. फक्त त्याच्या लेखी तो वसुदेव होता, खांद्यावरचा कृष्ण आणि खालची यमुना.

"इनास, ह्यो तुमचो सांव न्हय रे. आमचो वसुदेव. फिरंग्यांनी चोरून नेल्यानी."

"वसुदेव जाल्यार टोपली खंय ताची?"

"तूच विकलंस आसतलंस मेल्या, फेणयेपायी."

"आनी हातांतलो गुळो?"

"तो लोण्याचो गोळो."

"लोण्यार खुरीस?"

"तां तुमचां काम. खंयय खुरीस खोवतास."

वर्षानुवर्षं हीच थट्टा, हेच शब्द. दोघांनाही कधी कंटाळा आला नाही.

मग ते साल आलं. सत्याग्रही सरहद्दीवर गेले, तिकडून गोळ्या सुटल्या, माणसं मेली. दिल्लीने वाटा बंद करायच्या ठरवल्या. होड्या बंद व्हायच्या तोंडावर इनास जुन्या शिडाच्या कापडात काहीतरी गुंडाळून आला. घामाने निथळत होता.

"गोरे शिपाय कपेलांत रावपाक येतात," तो म्हणाला. "तांच्या चुलीक लाकूड जाय आसता. सांव म्हज्यापरस तुजेकडेन बरो. म्हयनोभर दवर."

"म्हयनो कित्याक? वरीस ठेवतंय. तसोच्या तसो परत दितलंय. ह्या पाण्याची शपथ."

गंगारामची बायको हौसाबाई दारात उभी होती. तिने फळी आत घेतली, देवघराशेजारी भिंतीला टेकवली आणि इनासला पेज वाढली. निघताना इनास म्हणाला, "हांव सांजेक धक्क्यार येतलों. तांबडो तुवालो हालयतां. तूंय हालय. म्हाका कळटलें, तूं आसा, सांव आसा."

आणि तसंच झालं. काठांवर दोन्हीकडे बंदुकवाले आले, पण तुवाल हलवायला बंदी करायचं त्यांच्या साहेबांना सुचलं नाही. संध्याकाळी तिकडे तांबडा ठिपका हलायचा, इकडे गंगाराम खांद्यावरचा पंचा हलवायचा. मग दोघे आपापल्या घरी जेवायला जायचे. गंगारामची होडी उपडी पडली होती. तो आता गावातल्या गावात खाडीतली कालवं, तिसऱ्या काढून दिवस ढकलत होता. पण त्या एका घटकेला तो अजून तारी होता.

आता भिकाजी गावकराविषयी सांगतो. देवळातला मानकरी, गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा, आणि गावात कुणी कुणाच्या घरी काय शिजवलं याची चौकशीही त्याचीच. आमच्याकडे देशभक्ती उशिरा आली आणि आली ती अंगात आल्यासारखी. भिकाजीच्या अंगात सगळ्यांत आधी. एक दिवस तो गंगारामच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसला.

"गंगाराम, तुज्या घरात फिरंग्याचो देव आसा म्हणतत."

"ठेव आसा, गावकरानू. इनासची."

"इनास खंयचो? पलतडचो. पलतड कोणाची? दुश्मनाची. सांजेक धक्क्यार तू फडकी हालवतस ती कोणाक? उद्या चौकीर कोणी सांगल्यान तर हेर म्हणान दोरयेन बांधून नेतले. मगे माका सांगू नको."

हौसाबाई आत चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली.  आणि गंगारामच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत महागडं वाक्य.

"फिरंग्याचो खंय ओ? तो वसुदेव आसा. बघा तरी."

जो शब्द त्याने इतकी वर्षं दोस्ताला चिडवायला वापरला तोच भीतीने ढाल म्हणून पुढे केला. भिकाजी आत गेला. चित्रापुढे उभा राहिला. बराच वेळ बघून त्याने अगदी इनासचाच प्रश्न विचारला, पण न हसता.

"वसुदेव? मगे टोपली खंय?"

गोकुळाष्टमी तोंडावर होती. भिकाजीने गुरुदास चिताऱ्याला बोलावलं. गुरुदास गावचे गणपती रंगवायचा. तो करवंट्यांत रंग कालवून घेऊन आला, चित्रासमोर बसला, आणि कुंचला हातात घेऊन नुसताच बसून राहिला.

"गंगाराम," तो हळू म्हणाला, "ह्या पोराच्या गालाखालसून जरासो हिरवो दिसता, बघितलंस? जित्या माणसाच्या कातडेखाली आसता तसो. ह्यां माज्या हातातलां न्हय."

"मगे नको लावू."

"गावकार भायर बसलो हा." गुरुदासने खांदे उडवले. "घाबरू नको. डिंकातलो रंग आसा. वल्या फडक्यान पुसलंस काय गेलो."

गंगारामने हे धरून ठेवलं. पुसलं की गेला. माणूस चूक करतो तेव्हा ती पुसता येण्यासारखी आहे याची आधी खात्री करून घेतो. ही खात्री त्याला कोण देतो, हे मात्र तो बघत नाही.

संध्याकाळपर्यंत सांवाच्या डोक्यावर टोपली आली. पोर निळं झालं. क्रूस लोण्यात बुडाला. वर पाच फण्यांचा शेष. मासा तेवढा राहिला, कारण मासा कुणाला नडत नव्हता. भिकाजीने खळ्यात गाऱ्हाणं घातलं.

"बा वसुदेवा म्हाराजा! तू भरलेल्या पाण्यातसून लेकराक पार नेलंस, तसां आमच्या पोराटोरांक पार घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आणि पलतडचे आसत ते थंयच बुडव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गंगारामही बोलला. सगळ्यांबरोबर सवयीने ओठ हलले. पलतडच्यांत इनासही येतो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. त्या संध्याकाळी त्याने पंचा हलवला तो फार जोरात हलवला.

पुढच्या अष्टमीला लोकांनी देवावर पाणी शिंपडलं. भक्ती म्हटली की आम्हाला काहीतरी ओतावं लागतं. निळा रंग पोराच्या गालावरून ओघळला आणि एक बाई किंचाळली, "देव रडता गो!" खळ्यात कालवा झाला. भिकाजीने गुरुदासला पुन्हा बोलावलं. गुरुदासने या वेळी लाखेचं रोगण आणलं होतं, लाकडी खेळण्यांवर लावतात ते, चकचकीत आणि टणक.

"आता पाण्यान जाईत?" गंगारामने विचारलं.

"आता नाय जावचो," गुरुदास म्हणाला, आणि त्याच्याकडे बघत थांबला. खरंच थांबला. कुंचला रोगणात बुडवलेला, वर धरलेला, थेंब खाली पडतोय.

तेव्हा गंगारामने तोंड उघडायला हवं होतं. जास्त काही नाही, एवढंच म्हणायचं होतं: ठेव माझी नाही. भिकाजीने काय केलं असतं? चौकीवर नेलं असतं, चार तास बसवून सोडलं असतं. फार तर मार. गंगाराम पानाला चुना लावत राहिला. पान केव्हाच लावून झालं होतं, तरी लावत राहिला. रोगण लागलं.

त्या संध्याकाळी तो धक्क्यावर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"तो थंय हालवता हा," हौसाबाई म्हणाली.

"हालवंदे."

"तुमी जावा मा. वाट बघता तो."

"काय म्हणान जाव गो? तूं आसा, सांव आसा, असां त्याका कळाक होया. खंय आसा सांव?"

"त्याका थंयसून काय दिसता? फडकी हालवूक काय सांव लागता?"

"माका लागता."

बरेच दिवस असे गेले. मग हौसाबाईला राहवलं नाही. ती एकटीच धक्क्यावर गेली आणि पदर हलवून आली. चांगल्या मनाने गेली. पलीकडचा तांबडा ठिपका हलायचा थांबला, तसाच थोडा वेळ उभा राहिला, आणि निघून गेला. त्यानंतर तो दिसला नाही.

गंगारामला ते कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितोय. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. वाट बंद ती आता बंदच राहणार, इनास विसरला, आपणही विसरू, भिंतीवर वसुदेव आहे तर वसुदेव.

१९६१ च्या डिसेंबरात डोक्यावरून विमानं गेली आणि थोड्याच दिवसांत पलतडला माणसं धक्क्यावर नाचताना दिसली. गोवा मोकळा झाला. भिकाजीने देवळासमोर भाषण ठोकलं, जणू फिरंग्याला त्यानेच गाऱ्हाणं घालून बुडवलं. गंगारामने होडी उलथून बघितली, फटींत कापूस आणि चंद्रस भरला, तेल पाजलं. पहिल्याच खेपेला पलतडच्या एका नारळवाल्याने निरोप आणला.

"इनासान सांगलां. हौसाबायक सांग म्हणालो, हांव सांवाक व्हरपाक येतां."

निरोप आपल्याला नाही, बायकोला आहे, हे गंगारामच्या ध्यानात आलं. रागावला असेल, त्याला वाटलं. रागावू दे. राग परवडला.

भिकाजी मात्र आडवा आला. "देव कोणी परत देतत काय? आणि देवचो तर तुजो तू दी, पण टोपली नि शेष गावाचो आसा."

"होय ना?" गंगाराम इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर बोलला. "मगे गावाची टोपली गावाक काढून दितंय, गावकरानू. मागल्या परड्यात येवा घेवक."

हे धाडस दाखवायची वेळ निघून गेली होती. तरी दाखवलं.

आमच्याकडे सणाआधी देव उजळायला काढतात. ताम्हनात चिंच, रिठे, राख, आणि पितळेचे देव लख्ख होऊन देव्हाऱ्यात परत जातात. गंगारामने फळी परड्यात आणून केळीखाली आडवी ठेवली आणि तसाच बसला. आधी ओलं फडकं. लाखेवरून पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं गेलं. मग रिठे. मग चिंच. लाख हलेना. मग त्याने हौसाबाईकडून धुण्याचा सोडा मागून घेतला, कढत पाण्यात कालवला, आणि नारळाचा काथ्या घेतला.

लाख पांढरी पडली. मऊ झाली. सुटली. शेषाचा एक फणा गेला, दुसरा गेला. "जाता गो, जाता!" गंगाराम ओरडला. टोपली निघाली आणि सांवाचे केस दिसले. पोराच्या गालावरचा निळा रंग काथ्यात आला आणि खाली तो गाल दिसला, त्या हिरव्या सावलीसकट, जिवंत, ओला. गंगारामच्या डोळ्यांना पाणी आलं. डोळ्याच्या कोपऱ्यात निळं थोडं राहिलं होतं. तेवढं काढावं म्हणून त्याने काथ्या आणखी जरा फिरवला.

गाल काथ्यात आला.

"रवा! रवा ओ!" हौसाबाई धावली. पण सोडा फळीवर सगळीकडे पसरला होता, आणि गंगारामला वाटलं पटकन पुसून घेतला तर थांबेल, म्हणून तो पुसत सुटला. सांवाचा चेहरा आला. पोराकडे वर बघणारे ते डोळे आले. लाल वस्त्र पाण्याबरोबर केळीच्या बुंध्याशी गेलं. खाली चुन्यासारखं पांढरं निघालं, त्याच्याखाली लाकूड. चारशे वर्षं कुणी एवढं घासलं नसेल. कुणाचं एवढं प्रेम नसेल.

बादलीभर गोडं पाणी ओतून हौसाबाईने ते थांबवलं तेव्हा कमरेखालचं उरलं होतं. पोटऱ्या, पाणी, मासा.

इनास दुपारच्या भरतीला आला. शिपायांनी त्याची होडी केव्हाच जाळली होती. तो नारळवाल्याच्या होडीतून उतरला. वाळला होता, एक पाय ओढत होता. परड्याच्या कुंपणाशी गंगाराम उभा होता. इनासने त्याला बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

"तूं जितो?"

"मेलंय म्हणान कोणी सांगल्यान?"

"तुवेंच," इनास म्हणाला. "तुवें तुवालो बंद केलो. मागीर हौसाबाय एकलीच धक्क्यार आयली. हांव समजलों. मेल्ल्याखातीर इगर्जेंत सांगतात तें मीस तुज्या नावान सांगलें हांवें, गंगाराम. पाद्री म्हणालो, हिंदवाक मीस ना. हांवें ताच्या पांयां पडून सांगलें."

 हौसाबाईने पदर तोंडात धरला. हाच तो पदर.

"म्हाका एकूच समादान आसलें," इनास पुढे म्हणाला. "तूं सांवाचें तोंड रोज पळयतालो. वायट मरण आयलें नासतलें."

गंगाराम आत गेला आणि फळी घेऊन आला. ती त्याने इनासच्या पुढ्यात ठेवली आणि बोलायला लागला. गावकाराने, चिताऱ्याने, डिंक, लाख, सोडा. मध्येच थांबला. "मी गप रवलंय," तो म्हणाला. "मी गप रवलंय, इनास. बाकीचां काय खरां न्हय."

गंगाराम शिव्यांची वाट बघत होता. इनासने वाकून फळीवरून बोट फिरवलं. वरच्या कोऱ्या लाकडावरून, जिथे निळ्याचा एक डाग भेगेत बसला होता; मग खाली.

"पांय आसात," तो म्हणाला. "उदक आसा." मग माशावर बोट टेकवून जरा हसल्यासारखं केलं. "नुस्तेंय आसा."

त्याने खांद्यावरचा तांबडा तुवाल काढला, विटून गुलाबी झालेला, आणि जिथे तोंडं होती त्या भागावर गुंडाळला. पेज घेणार का विचारलं हौसाबाईने. नको म्हणाला.

गंगारामने त्याला आपल्या होडीतून सोडलं. मध्यावर, जिथे पूर्वी विडी यायची, तिथे गंगारामने वल्हं थोडं थांबवलं. फळी दोघांच्या मध्ये आडवी होती. इनास पलतडच्या धक्क्याकडे बघत राहिला. गंगारामने पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.

धक्का लागला. इनास फळी खांद्यावर घेऊन उतरला, एक पाय ओढत दोन पावलं गेला, आणि परत आला. गंगारामला वाटलं, आता बोलेल. आता शिवी देईल.

इनासने खिशातून नाणं काढलं आणि होडीच्या बसायच्या फळीवर ठेवलं.

भाडं.

मग तो वर चढून गेला. गंगाराम हाक मारू शकला नाही. काय म्हणून मारणार? होडीवाल्याला भाडं मिळालं होतं.

परतीच्या खेपेला एक माहेरवाशीण बसली, कडेवर पोर घेऊन. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "तारयांनू, तुमचे पैसे पडलेहत."

गंगारामने होडी लोटली.

"माजे न्हयत," तो म्हणाला. "जरा सरान बस गो."